टेंभेकरांचा बरोबर प्रोग्रॅम

रायपूरच्या ज्या सरकारी खात्यात मी नोकरी केली, तिथे आपली चूक आपणहून कबूल करायला आलेला माणूस मी एकच पाहिला. त्याची कबुली लिहून घ्यायला कोणी तयार झालं नाही. बैठकांचे वृत्तान्त लिहिणं माझ्याकडे असल्यामुळे ती न लिहिण्याचं कामही माझ्याकडेच आलं.

टेंभेकर आमचे प्रोग्रॅमर. त्यांच्या पदाचं नाव याहून बरंच लांब होतं, दारावरच्या पाटीवर ते दोन ओळींत कसंबसं मावलं होतं. पण कोणी विचारलं तर टेंभेकर "मी यादी काढतो जी" एवढंच सांगत. आमच्या खात्याच्या हाताखाली नर्सिंगचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था होत्या. दरवर्षी हजारो मुली अर्ज करत. त्यांचे बारावीचे आणि प्रवेश परीक्षेचे गुण एका सूत्रात घालायचे, मुलींना क्रमाने लावायचं आणि जागा संपतील तिथे रेघ ओढायची. ही रेघ टेंभेकरांचा प्रोग्रॅम ओढत असे.

मूळचे ते वरुडकडचे. वडील रेल्वेत, त्यामुळे बालपण रायपूरच्या गुढियारी भागात गेलं. सगळं आयुष्य रायपुरात काढूनही त्यांचं बोलणं वऱ्हाडीच राहिलं होतं. तात्यापाऱ्यात एका भांड्यांच्या दुकानावर त्यांचं घर होतं. मुलीशी मराठीत बोलायचे, ती उत्तर हिंदीत द्यायची. "पोट्टी ऐकते मराठीत, बोलते हिंदीत," ते मला म्हणायचे. "मधात कुठं तरी अनुवाद होऊन राह्यला भाऊ. तुमच्या टेबलासारखा." मी खात्यात अनुवादक होतो. इंग्रजीतून आलेलं हिंदीत करायचो. या कामात मूळ मजकूर काय होता हे विसरायची सवय लागते, तेव्हा त्यांचा टोमणा मी मनावर घेत नसे.

"पाहून घेऊ" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाऊस येणार म्हटलं तरी, साहेब चिडलेत म्हटलं तरी, वांग्याची भाजी छान झालीय म्हटलं तरी. कुठलीही गोष्ट एकदा करून त्यांचं समाधान होत नसे. दुसऱ्यांदा केली आणि तेच उत्तर आलं, की मगच ती घडली असं ते मानत. मुलीसाठी कानातले घ्यायला सदर बाजारात गेले होते, तेव्हाची गोष्ट त्यांच्या पत्नीने, सुनंदावहिनींनी, मला सांगितली. सोनाराने कानातले तोलले, आकडा वाचला. टेंभेकर म्हणाले, "भैया, एक बार और."

"क्यों भाईसाहब, भरोसा नहीं है?"

"भरोसा है, इसलिए दो बार बोल रहा. नहीं तो चार बार बोलता."

दुसऱ्यांदा तोच आकडा आला, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. "मलेही दोनदा पाहून गेले होते," वहिनी म्हणाल्या. "दुसऱ्यांदा आले तं आईनं नुसतं पाणीच दिलं. म्हणे, चहा पहिल्यांदा पाजला न, तोच मोजा."

प्रोग्रॅम ते आधी लांब वहीत हाताने लिहीत. संगणकावर उतरवताना मधेमधे स्वतःसाठी सूचना घालायची पद्धत असते. यंत्र त्या वाचत नाही, माणसाने वाचायच्या असतात. टेंभेकरांच्या सूचना मराठीत असायच्या. एका ठिकाणी लिहिलं होतं, "इथं हात लावू नये. लावायचाच असल्यास आधी जेवून घ्यावे." दोन मुलींचे गुण सारखे आले तर काय करायचं, तो नियम जिथे होता तिथे लिहिलं होतं: "मोठीले आधी. काहून का तिच्यापाशी वर्षं कमी उरली."

नियम खात्याचाच होता. सारखे गुण असतील तर वयाने मोठी वर. नियमाच्या पुस्तकात तो उपकलम म्हणून होता आणि त्याचं कारण दिलेलं नव्हतं. अर्जाला वयाची अट असते, मोठ्या मुलीला पुढच्या वर्षी कदाचित अर्जच करता येणार नाही, हे कारण त्या साऱ्या इमारतीत फक्त टेंभेकरांच्या प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. तेही यंत्र वाचत नाही अशा जागी.

मग आम्हाला नवे संचालक मिळाले. कशाचंही लोकार्पण करता येतं हा शोध त्यांनी लावला होता. पाण्याच्या कूलरचं झालं, लिफ्टचं झालं, दुरुस्तीनंतर लिफ्टचं पुन्हा झालं. त्या वर्षी यादीचं ठरलं. मुख्य अतिथी मंचावर बटण दाबतील आणि मोठ्या पडद्यावर यादी अवतरेल. रंगीत तालमीत यादी यायला नऊ मिनिटं लागली. कार्यालयातले संगणक जुने, आणि कुठली मुलगी कुठल्या संस्थेत हेही त्यातच ठरायचं.

"नौ मिनट मुख्य अतिथि क्या करेंगे?" संचालकांनी विचारलं.

कोणी तरी एक नृत्य ठेवायचं सुचवलं. दोन आधीच होती. शेवटी टेंभेकरांना वेग वाढवायला सांगण्यात आलं.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. माणूस प्रोग्रॅम लिहितो तो यंत्राला कळत नाही. मधे कंपाइलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम असतो, तो माणसाचं लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवतो. एकूण माझाच धंदा. त्याला साधं उतरव म्हटलं तर तो ओळीला ओळ उतरवतो. वेगाने चालेल असं उतरव म्हटलं तर मजकूर आवळतो, फेऱ्या वाचवतो, जे त्याला अनावश्यक वाटतं ते गाळतो. अर्थ मात्र बदलायचा नाही, हा त्याचा शब्द. टेंभेकरांनी त्याला वेगाचा हुकूम दिला. एका शब्दाचं काम. यादी तीन मिनिटांत यायला लागली आणि स्वागतगीत नेमकं तेवढंच होतं.

यादी काढण्याआधी टेंभेकर दरवर्षी चाळीस-पन्नास मुलींचा हिशेब वहीत हाताने करून यंत्राच्या उत्तराशी ताडून बघत. त्याही वर्षी बघितला होता, पण वेग वाढवण्याच्या आधी. नंतर नाही. प्रोग्रॅमची एकही ओळ बदलली नव्हती, मग काय तपासायचं? ज्या माणसाने कानातले दोनदा तोलून घेतले, त्याने एवढी एक गोष्ट एकदाच केली.

समारंभ उत्तम झाला. मंचावरचं लाल बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. गाण्याच्या पहिल्या ओळीला पडद्यामागे टेंभेकरांनी प्रोग्रॅम सुरू केला, शेवटच्या ओळीला मुख्य अतिथींनी बटण दाबलं, आणि यादी आली.

आठेक दिवसांनी धमतरीच्या पलीकडच्या एका गावातून दुलारी नावाची मुलगी आली. कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरले होते. टेंभेकरांच्या दारात बराच वेळ उभी होती. कारण पाटीवर जे लिहिलं होतं, त्यातला यादी काढणारा माणूस हाच, हे पाटीवरून कळण्यासारखं नव्हतं.

"सर, एक ठन बात पूछना रिहिस," ती छत्तीसगढीत म्हणाली. एक गोष्ट विचारायची होती.

तिने यादी उलगडली. शेवटची जागा एकशे अठरा क्रमांकाला मिळाली होती. दुलारीचा क्रमांक एकशे एकोणीस. दोघींचे गुण शेवटच्या दशांशापर्यंत सारखे. एकशे अठरा क्रमांकाच्या मुलीचा जन्म ऑगस्टचा, दुलारीचा त्याच वर्षीच्या फेब्रुवारीचा.

"मैं बड़े हंव न सर?"

"हव," टेंभेकर म्हणाले. "बड़ी है तू." पुढच्या वर्षी ती वयात बसणार नव्हती, हे त्यांनी तारीख पाहताच मनातल्या मनात मोजलं असणार. तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाले, "बैठ, पाहून घेऊ." ते मराठीत बोलले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. तिला कळलं बहुतेक.

वहीत दोघींचे गुण सारखेच आले. प्रोग्रॅममधली ओळ बरोबर होती. मग त्यांनी नेहमीची युक्ती केली: तुलना होताना दोघींचे गुण पडद्यावर छापून दाखव, अशी एक ओळ मधे घातली आणि प्रोग्रॅम चालवला. गुण छापले गेले, सारखे होते, आणि यादीत दुलारी वर आली. टेंभेकरांनी ती ओळ काढली. दुलारी खाली गेली. परत घातली, वर आली. दुपारभर ते तिला वर-खाली करत होते आणि ती समोर बसून बघत होती. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच घरी गेला.

कारण सापडायला त्यांना दोन आठवडे लागले. आमच्या फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर त्यांनी ते मला सांगितलं. "हे पहा भाऊ. गुण म्हणजे दूध समजा, दोन पोट्ट्यांचं दूध मोजायचं आहे. सारखंच आहे. साध्या पद्धतीत कंपाइलर दोघींचं दूध डब्यात ओततो अन् मग डबे मोजतो. डबा जरासा लहान, शेवटचा थेंब सांडते. पण दोघींचाही सांडते, म्हणून फरक पडत नाही. आता त्याले सांगितलं घाई कर. तं त्यानं एकीचं डब्यात ओतलं, अन् दुसरीचं हातातल्या गंजातच, पातेल्यात म्हणा, राहू दिलं. ओतायचा वेळ वाचवला. गंज मोठा. एकीचा थेंब सांडला, एकीचा नाही. मग तो म्हणते, सारखं नाही."

"आणि छापल्यावर?"

"छापायचं म्हटलं तं दोघींचंही डब्यातच ओतावं लागते न. मग बरोबर येते." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "म्हणजे मी पाहून राह्यलो तोवर बरोबर. मान वळवली का चुकला. आता अशाले कसं पाहून घ्यायचं?"

सारख्या गुणांचं नसतं तर हे कधी कळलंही नसतं. त्या थेंबाने दुसऱ्या कोणाचं काही बिघडत नव्हतं. सारख्या गुणांच्या जोड्या यादीत आणखीही होत्या, पण त्यांची अदलाबदल होऊनही दोघी रेघेच्या एकाच बाजूला राहत होत्या. रेघ दोघींच्या मधून गेली होती ती फक्त इथे.

कंपाइलर बनवणाऱ्यांनाही त्यांनी लिहिलं. उत्तर लवकर आलं, सभ्य होतं. हे वर्तन आम्हाला बऱ्याच काळापासून ठाऊक आहे, अशा तक्रारी पूर्वीही पुष्कळ आल्या आहेत, सबब आपली तक्रार त्यांनाच जोडून बंद करण्यात येत आहे. टेंभेकरांनी कागद माझ्यापुढे ठेवला. "मले वाटलं होतं हे परदेशी लोकं काही वेगळे असतीन," ते म्हणाले. "आपल्याच खात्यातले निघाले."

टेंभेकरांनी लेखी अहवाल दिला, तेव्हा समिती नेमावी लागली. अध्यक्ष संयुक्त संचालक, एका अभियांत्रिकी महाविद्यालयातले तज्ज्ञ प्राध्यापक, आणि वृत्तान्ताला मी. तज्ज्ञांनी प्रोग्रॅम ओळीने तपासला. मराठी सूचनांपाशी ते अडले, तेव्हा त्यांचा हिंदी अनुवाद मला करावा लागला. आधी जेवून घ्यावे हे वाक्य अध्यक्षांना आवडलं. मोठी मुलगी आधी, या ओळीचा अनुवाद मी केला तेव्हा टेंभेकर खिडकीबाहेर बघत होते.

"टेंभेकर जी, एक लाइन में बताइए," अध्यक्ष म्हणाले. "प्रोग्राम सही है कि गलत?"

"सही है सर."

"यानी लिस्ट सही है."

"लिस्ट गलत है सर."

"तो गलती किसकी है?"

"कंपाइलर की."

"वो किसके अधीन आता है?"

तज्ज्ञांनी खोकून सांगितलं की तसा तो कोणाच्याच अधीन येत नाही. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेन उचलून धरलं.

मग प्रात्यक्षिक झालं. टेंभेकरांनी प्रोग्रॅम चालवला, दुलारी एकशे एकोणीसवर आली. अध्यक्ष म्हणाले, असं नाही, दोघींचे गुण पडद्यावर दाखवा, आम्हाला समजलं पाहिजे. टेंभेकर म्हणाले, दाखवले तर यादी बदलेल. अध्यक्ष म्हणाले, दाखवा. त्यांनी दाखवले. दुलारी एकशे अठरावर आली.

"लो. सही तो आ रहा है," अध्यक्ष म्हणाले.

"तो यही लिस्ट मान लीजिए सर."

"अरे, ये तो डेमो है. लिस्ट तो वो है जिसका लोकार्पण हो गया."

यावर टेंभेकरांनी जे केलं ते त्या खोलीत पूर्वी कोणी केलं नव्हतं. उभे राहून म्हणाले, "सर, मेरी गलती लिखिए. स्पीड का हुक्म मैंने दिया. उसके बाद दुबारा चेक नहीं किया. मेरे ऊपर कार्रवाई कीजिए, मगर लिस्ट सुधार दीजिए. लड़की का ये आखरी साल है."

अध्यक्ष गोंधळले. कारवाई टाळणारे लोक कसे हाताळायचे याचा त्यांना अनुभव होता. तज्ज्ञ मदतीला आले. म्हणाले, प्रोग्रॅममध्ये चूक नाही हे मी लेखी दिलं आहे. जिथे चूक नाही तिथे ती यांच्या नावावर कशी लिहिणार? वेग वाढवण्याचे आदेश तर वरून होते. 'वरून' हा शब्द खोलीत पडल्यावर विषय संपला. मी लिहिलं: "प्रोग्राम की जाँच की गई और उसे सही पाया गया. अतः सूची यथावत रहेगी." त्यातलं 'अतः' माझं. समितीने ते बदललं नाही.

पुढचं वर्षभर टेंभेकर दुलारीच्या वयाची अट शिथिल व्हावी म्हणून अर्ज लिहीत राहिले. पहिला परत आला, कारण तो उमेदवाराने स्वतः करायला हवा होता. दुसऱ्यावर तिची सही घेतली, तर कारण विचारण्यात आलं. यादी चुकली हे कारण चालेना, कारण यादी बरोबर असल्याचा समितीचा निर्णय फाइलीत लागला होता. त्या निर्णयाची प्रत काढून मीच जोडली होती. एरवी वहिनी ऑफिसच्या कुठल्या गोष्टीत पडत नसत. त्या काळात एकदा मला म्हणाल्या, "यांले आता जेवतानाही कोणी दोघं सारखे दिसले का उठून राह्यले. शेजारचे जुळे आले होते परवा, त्यायलेच विचारत होते, मोठा कोण तुमच्यातला."

दुलारी तीन-चार वेळा आली. गावाकडची बस सकाळी निघायची, ती अकरापर्यंत पोचायची, टेंभेकर तिला कुठे सही करायची ते दाखवायचे. शेवटच्या वेळी ती म्हणाली, "सर, अब झन लिखव." आता लिहू नका. घरात लग्नाचं चाललं होतं. ती रागावलेली नव्हती. उलट टेंभेकरांचं वाईट वाटत असल्यासारखी उभी होती, आणि हे त्यांना फारच जड गेलं. पुढे तिचा फोन दुसराच कोणी उचलू लागला.

दोन वर्षांनी खात्यात नवे संगणक आले. ते गंज आणि डबा एकाच मापाचे वापरत. दोष आपोआप गेला. कोणी दुरुस्त केला नाही, कारण तो होता असं कुठेच नोंदलेलं नव्हतं. संगणकांचं लोकार्पण झालं, आणि त्याच मंचावर टेंभेकरांच्या निवृत्तीचा सत्कार उरकून घ्यायचं संचालकांनी ठरवलं. मानपत्र मी लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "जिनके कार्य में कभी कोई त्रुटि नहीं पाई गई." मी ते विचार करून लिहिलं होतं. चूक नव्हती असं म्हटलं नव्हतं, सापडली नाही असं म्हटलं होतं. माझ्या कामात एवढीच जागा असते. टेंभेकरांनी ते ऐकताना माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

शाल झाली, श्रीफळ झालं. दोन शब्द बोलायला सांगितलं. टेंभेकरांनी खिशातून कागद काढला आणि चष्मा वर सारला. लोकांना वाटलं आभार मानतील.

"एक सौ अठारह," ते म्हणाले. मग दुलारीचं पूर्ण नाव वाचलं, वडिलांचं, गावाचं आणि जन्मतारीख वाचली. यादीत असतं त्या क्रमाने. दुसऱ्या मुलीचं नाव घेतलं नाही. तिने कोणाचं काही घेतलं नव्हतं.

सभागृहात टाळ्या वाजल्या. आमच्याकडे मंचावरून नाव घेतलं की वाजतात. टेंभेकर थांबले, टाळ्या संपू दिल्या आणि तेच सगळं दुसऱ्यांदा वाचलं, तितक्याच सावकाश. या वेळी टाळ्या जास्त झाल्या. संचालक सूत्रसंचालिकेकडे वाकून म्हणाले, "बच्ची आई है क्या? बुला लीजिए मंच पर." एक गुच्छ शिल्लक होता, तो कोणी तरी पुढे आणून ठेवला.

सूत्रसंचालिकेने टेंभेकरांच्या हातातल्या कागदावरून नाव पाहून घेतलं आणि माइकवर गोड आवाजात सांगितलं, की दुलारी जहाँ भी बैठी हों, कृपया मंच पर आ जाएँ. सगळं सभागृह माना वळवून मागे बघायला लागलं. मीही बघितलं. परत मंचाकडे पाहिलं, तर खांद्यावरून घसरणारी शाल एका हाताने धरून टेंभेकरही दाराकडेच बघत उभे होते.